पोराचा पिच सारखा कॅचरच्या डोक्यावरून जातोय? हे क्रमाने तपासा, हाताकडे सगळ्यात शेवटी वळा

एप्रिलमध्ये लिटल लीगचा, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलचा, सीझन सुरू झाला की इथे न्यू जर्सीत आपल्या मराठी आईबाबांचे मला मेसेज यायला लागतात आणि तक्रार जवळजवळ सगळ्यांची एकच. घराच्या मागे अंगणात पोरगं मस्त पिच (बॅटरला टाकायचा बॉल) टाकतं, पण मॅचमध्ये माउंडवर, म्हणजे पिचर जिथून टाकतो त्या मातीच्या उंचवट्यावर, उभं राहिलं की बॉल कॅचरच्या (बॅटरमागे बसून बॉल झेलणाऱ्याच्या) डोक्यावरून सरळ मागच्या बॅकस्टॉपच्या जाळीवर. मग वॉकवर वॉक (चार चुकीचे पिच गेले की बॅटर फुकटात फर्स्ट बेसला जातो), पोरगं रडवेलं, आणि बाहेरून सगळे ओरडतायत ‘जस्ट थ्रो स्ट्राइक्स!’ (स्ट्राइक म्हणजे होम प्लेटवरून, बॅटरच्या गुडघा ते छातीच्या उंचीतून जाणारा पिच), जसं काही ते मुद्दाम बॉल वर टाकतंय. मी ९ ते १२ वयाच्या पोरापोरींना व्हॉलंटिअर कोच म्हणून शिकवतो आणि दर सीझनला हाच फॉल्ट वेगवेगळ्या मुलांमध्ये दुरुस्त करत आलोय, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच ठेवावं.

मला जे ठामपणे सांगायचंय ते आधीच सांगतो. बॉल वर गेला की सगळ्यांची नजर हाताकडे जाते, पण खोट बहुतेक वेळा पायात असते, नाहीतर पोरगं दमलेलं असतं. हाताची ॲक्शन बदलणं हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जोखमीचं काम आहे, ते शेवटीच करायचं आणि बऱ्याचदा तिथपर्यंत जायची वेळच येत नाही.

लक्षणं

खाली सगळं उजव्या हाताने टाकणाऱ्या मुलाचं लिहिलंय, डावखुरं असेल तर डावं-उजवं उलटं करून वाचा.

बॉल वर आणि उजवीकडे जातो, म्हणजे उजव्या हाताच्या बॅटरच्या खांद्या-डोक्याकडे. हे सगळ्यात कॉमन आणि बॅटरसाठी सगळ्यात धोक्याचं.

बॉल सरळ वर जातो, दिशा बरोबर पण उंची चुकते.

चार बॉल वर गेले की पाचवा एकदम मातीत, डावीकडे. हा वेगळा फॉल्ट नाही, पोरगं स्वतःच दुरुस्ती करायला जाऊन बॉल जास्त वेळ धरून ठेवतं.

पहिली इनिंग छान, दुसरी बरी, तिसरीत सगळं वर.

टाकून झाल्यावर पोरगं ताठच उभं राहतं, नाहीतर डावीकडे, फर्स्ट बेसच्या बाजूला, झोक जातो. आणि एक बारीक खूण, जिच्याकडे कुणी बघत नाही: दर पिचला डोक्यावरची टोपी सरकते किंवा पडते. टोपी सैल नसेल तर डोकं डावीकडे झटकलं जातंय असं समजा.

यातलं तुमच्या मुलाचं नेमकं कुठलं ते अंदाजाने ठरवू नका. स्ट्राइकच्या जागेचा एक चौकोन काढा, त्याचे नऊ भाग करा आणि पंधरा-वीस पिच कुठे-कुठे गेले त्या फुल्या मारा. भारतातून आजी-आजोबा आलेले असतील तर वही-पेन त्यांच्या हातात द्या, आजोबा लोक हे फार मन लावून करतात आणि नातवाची मॅचही नीट बघून होते. फुल्या एकाच कोपऱ्यात जमल्या तर फॉल्ट एकच आहे आणि सापडणार. सगळीकडे विखुरल्या तर आधी थकवा, ग्रिप आणि नजर बघा.

आणि हे इतकं नाजूक का, तर लिटल लीगमध्ये रबरपासून (पिचर पाय ठेवतो ती माउंडवरची पट्टी) होम प्लेट (बॅटरसमोरची पाटी) ४६ फूट. बॉल सुटताना दिशेत फक्त एक अंशाचा फरक पडला तरी प्लेटवर पोचेपर्यंत तो साधारण नऊ-साडेनऊ इंच होतो. होम प्लेटच १७ इंच रुंद आहे. म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही एवढी चूक स्ट्राइकचा ‘बॉल’ (स्ट्राइकच्या जागेबाहेर गेलेला पिच) करते, त्यामुळे ‘अरे लक्ष कुठंय तुझं’ असं पोराला कृपा करून म्हणू नका.

१. पिच मोजा (फुकट, दोन मिनिटं)

सगळ्यात आधी हे, कारण थकलेल्या मुलाची ॲक्शन सुधारायला जाणं म्हणजे नुसता वेळ घालवणं नाही तर इजेला आमंत्रण. दमलं की आधी पाय ढिले पडतात, मग कोपर खाली येतं आणि बॉल वर जायला लागतो. वहीत फुल्यांना नंबर घाला. साधारण पस्तीसाव्या पिचनंतरच बॉल वर जायला लागत असतील तर पुढचं काही तपासू नका, पोराला खाली उतरवा, एवढाच उपाय.

लिटल लीगचे नियम माहीत असू द्या. दिवसाला ७-८ वर्षांच्याला ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५ पिच. आणि १४ वर्षांपर्यंत विश्रांती अशी: २१ ते ३५ टाकले तर एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस. हे आकडे म्हणजे टार्गेट नाही, वरची मर्यादा आहे. शिवाय वॉर्म-अपचे, प्रॅक्टिसचे आणि घरी बाबांबरोबर टाकलेले पिच यात धरलेले नसतात, पोरगं टाउनच्या टीममध्ये आणि ट्रॅव्हल टीममध्ये दोन्हीकडे खेळत असेल तर दोन कोचना एकमेकांचा हिशोब माहीत नसतो. तो हिशोब आईबाबांनीच ठेवायचा, दुसरं कुणी ठेवणार नाही. आणखी एक, ४१ किंवा जास्त पिच टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर म्हणून उभं करता येत नाही, कारण कॅचरही दर पिचला बॉल परत फेकतच असतो.

२. माउंड बघा

अंगणात जमतं आणि मॅचमध्ये नाही, याचं कारण दर वेळी टेन्शन नसतं. अंगण सपाट असतं, लिटल लीगचं माउंड ६ इंच उंच. उतारावर पुढचा पाय जरा उशिरा टेकतो, हात मात्र सपाट जमिनीच्या सवयीने फिरतो, आणि दोघांची गाठ चुकते. म्हणून मैदान रिकामं असेल तेव्हा पोराला माउंडवरूनच टाकायला लावा, आठवड्यातून एकदा वीस पिच पुरेत.

दुसरं म्हणजे खड्डा. शनिवारी सकाळपासून तीन मॅच झालेल्या असल्या तर रबरच्या पुढे आणि पाय टेकतो तिथे क्लीट्सने (खिळ्यांच्या बुटांनी) उकरून चांगले खोल खड्डे झालेले असतात. मोठ्या मुलाची ढांग लांब असते, त्याने केलेल्या खड्ड्याच्या अलीकडच्या काठावर तुमच्या लहानग्याचा पाय पडला की घोटा वळतो, अंग मागे राहतं आणि बॉल वर. इनिंग सुरू व्हायच्या आधी पोरांना स्वतः पायाने माती ओढून खड्डा भरायला आणि दाबायला शिकवा. माझ्या टीममधली सगळी मुलं हे न सांगता करतात आणि मला याचा खरंच अभिमान वाटतो.

३. ग्रिप

लिटल लीगचा बॉल आकाराने मोठ्यांच्या मेजर लीगच्या बॉलएवढाच असतो, घेर ९ ते सव्वानऊ इंच. आपल्या क्रिकेटमध्ये तेरा वर्षांखालच्यांना लहान बॉल देतात, इथे तसं नाही. नऊ वर्षांच्या पोराचा पंजा केवढा, म्हणून ते बॉल पार तळव्यात रुतवून धरतं, आणि मग बॉल बोटांवरून सुटायच्या ऐवजी तळव्यातून निसटतो, कुठेही जातो.

शिवण आडवी येईल असा बॉल फिरवा, तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर, अंगठा खाली मधोमध. याला फोर-सीम म्हणतात, लहानांनी हाच टाकायचा. बॉल आणि तळवा यांच्यामध्ये तुमचं एक बोट जायला पाहिजे. दोन बोटांत मावत नसेल तर तीन बोटं लावू द्या, त्यात काही कमीपणा नाही, हात मोठा झाला की आपोआप दोनवर येतं. आणि धरायचा कसा, तर बेसनाचा लाडू धरतो तसा, पडणार नाही पण फुटणारही नाही. पकड घट्ट झाली की मनगट आणि कोपर दोन्ही आखडतात.

एप्रिलच्या थंडीत बोटं बधिर आणि बॉल गुळगुळीत, तेव्हा दोन इनिंगच्या मध्ये हात खिशात गरम ठेवायला सांगा. क्षुल्लक वाटतं पण त्या महिन्यातल्या बऱ्याच तक्रारी यानेच मिटतात.

४. नजर आणि कॅचर

तुम्ही कॅचरच्या मागे जाळीपलीकडे उभे राहा आणि फक्त पोराचे डोळे बघा. पाय उचलला की नजर खाली जाते का? पाय टेकताना डोकं डावीकडे वळतं का? टोपी पडणारी मुलं इथेच सापडतात. डोकं जिकडे जाईल तिकडे खांदे जातात आणि खांदे लवकर उघडले की हात मागे राहतो. मिटवर (कॅचरच्या ग्लव्हवर) नजर, पाय उचलल्यापासून बॉल मिटमध्ये पोचेपर्यंत, एवढं एकच सांगायचं. त्या दिवशी दुसरी कुठलीच सूचना द्यायची नाही. आणि कॅचरलाही सांगा की मिट गुडघ्याच्या उंचीवर ठेव आणि हलवू नकोस, लहान कॅचर मिट छातीशी धरून बसतात आणि मग पिचर तिथेच टाकतो, त्याचा काय दोष.

५. पाय, इथे खरा वेळ द्या

क्लीटच्या टोकाने रबरच्या मध्यापासून होम प्लेटकडे मातीत एक सरळ रेघ ओढा. पोराला दहा पिच टाकू द्या, बोलू नका काही, आणि मग जाऊन डाव्या पायाचे ठसे बघा. ठसे खोटं बोलत नाहीत.

ठसा रेघेवर किंवा किंचित उजवीकडे पाहिजे, बोटं प्लेटकडे. रेघेच्या डावीकडे बूटभर किंवा जास्त पडत असेल तर कंबर आणि खांदे वेळेआधीच उघडतायत, हात मागून धावत येतोय आणि बॉल वर-उजवीकडे जातोय. ठसा रेघेच्या फार उजवीकडे असेल तर पोरगं स्वतःच्याच अंगाला आडवं टाकतंय, त्याने खांद्यावर उगाच ताण येतो. ठसे दर वेळी वेगळ्याच जागी असतील तर तोल नाही, मग रेघ-बिघ सोडा आणि आधी पाय उचलून दोन सेकंद स्थिर उभं राहायची सवय लावा, माउंडवर नाही, घरी ब्रश करताना.

मग लांबी. साधारण पोराच्या उंचीच्या पाऊणपट ढांग ठीक असते. इथे एक गंमतीची गोष्ट अशी की जोर लावायला म्हणून मुलं फार लांब ढांग टाकतात, मग पुढचा पाय ताठ, टाच आधी टेकते, वरचं अंग मागेच राहतं आणि बॉल सुटतो वरच्या दिशेने. ढांग बूटभर कमी केली की बॉल त्याच मिनिटाला खाली येतो, मी हे इतक्या मुलांमध्ये बघितलंय की बॉल सरळ वर जात असेल तर मी पहिली ढांगच मोजतो.

आता आपल्या बाबांसाठी खास. आपण क्रिकेट खेळून मोठे झालो, म्हणून बाहेरून सूचना येतात ‘हात सरळ ठेव’, ‘हात कानाजवळून येऊ दे’. हे बोलिंगचं शिक्षण आहे, पिचिंगला घातक आहे. बोलिंगमध्ये कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ केलं तर नो-बॉल, पिचिंगमध्ये कोपर वाकवून मग सरळ करणं हीच तर सगळी ॲक्शन आहे. कोपर खांद्यांच्या रेषेत असलं पाहिजे, कानाजवळ नाही. तुम्हाला क्रिकेटमधून काही द्यायचंच असेल तर बाउंड्रीवरून कीपरकडे जोरात फ्लॅट थ्रो करतो ना, तो दाखवा, आडवं उभं राहणं, पुढचा पाय टार्गेटकडे, खांदा फिरवणं, फेकून झाल्यावर वाकणं. ते बरंचसं जुळतं.

६. ग्लव्हचा हात आणि शेवट

ग्लव्हचा हात टाकताना मागे फेकला जात असेल तर डावा खांदा त्याच्याबरोबर ओढला जातो. ‘ग्लव्ह छातीसमोर थांबव आणि छाती ग्लव्हकडे ने’ असं सांगा, मुलांना हे पटकन कळतं.

शेवटी पाठ वाकली पाहिजे आणि उजवा हात डाव्या गुडघ्याच्या बाहेरून खाली गेला पाहिजे. ताठ राहिलं की बॉल लवकर सुटतो. यासाठी माझा आवडता उपाय: पुढचा पाय टेकतो त्याच्या अर्धा फूट पुढे थोडं गवत ठेवायचं आणि टाकून झाल्याबरोबर त्याच हाताने ते उचलायचं. कुठलंही लेक्चर नाही, पोरगं आपोआप वाकतं. पंचवीस-तीस फुटांवरून, हळू, दहा-बारा वेळा.

७. हाताचं टायमिंग (फोन लागेल, धीर जास्त लागेल)

वरचं सगळं दोन-तीन आठवडे करूनही बॉल वर-उजवीकडेच जातोय तरच इथे या. फोन स्लो-मोशनवर टाका आणि थर्ड बेसच्या बाजूने, पोराच्या छातीसमोरून, शूट करा. पुढचा पाय टेकतो ती फ्रेम थांबवा. त्या क्षणी बॉलचा हात वर आलेला आणि कोपर खांद्याच्या उंचीला पाहिजे. हात अजून कंबरेशीच असेल तर तो उशिरा आहे, पुढचं अंग निघून जातं आणि हात मागून झटका खात येतो. याने बॉल तर वर जातोच, पण कोपराच्या आतल्या बाजूला ताण येतो, म्हणून हा फॉल्ट नुसता स्ट्राइक-बॉलचा नाही.

दुरुस्ती ‘हात लवकर वर घे’ अशी सांगू नका, पोरगं खांदा उचकवतं. उचललेला गुडघा खाली यायला लागला की दोन्ही हात वेगळे करायचे, एवढंच. सुरुवात लवकर झाली की हात वेळेवर पोचतो. पाय रोवून, म्हणजे ढांग आधीच टाकून, हळू थ्रो. आठवड्यातून दोनदा, जास्त नाही, आणि पुन्हा व्हिडिओ. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं ते कळणारच नाही.

याच काळात कर्व्हबॉल (वळणारा बॉल) शिकवू नका, जड बॉल आणू नका, रडार गन घेऊ नका. स्पीड दिसला की पोरगं स्पीडच्या मागे लागतं. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉलची पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यातही लहान मुलांना आधी फास्टबॉल आणि चेंज-अपच (फास्टबॉलसारख्याच ॲक्शनने टाकलेला हळू बॉल) शिकवा असं सांगितलंय. तिथेच हेही आहे की १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी वर्षातले किमान चार महिने पिचिंग-थ्रोइंग पूर्ण बंद ठेवावं आणि त्यातले दोन-तीन महिने सलग. स्प्रिंग, मग समर, मग फॉल बॉल, मग विंटरला इनडोअर, असं बारा महिने चालवू नका. हिवाळ्यात पोहू दे, बास्केटबॉल खेळू दे.

कुठे थांबायचं

दुखलं की थांबायचं. त्याच क्षणी, त्याच पिचला, बॅटर अर्धवट असला तरी. थकवा वेगळा आणि दुखणं वेगळं. कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे अंगाकडच्या हाडावर दाबल्यावर दुखतंय, खांद्याच्या वरच्या-बाहेरच्या भागात दुखतंय, कोपर पूर्ण सरळ होत नाही, सूज आहे, करंगळीला मुंग्या येतात, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर उचलताना पोरगं दुसरा हात वापरतंय, यातलं एकही दिसलं तर वरची यादी बंद. मुलांची हाडं वाढत असतात आणि जिथून वाढतात ती जागा कूर्चेची, मोठ्यांच्या हाडापेक्षा कच्ची. सारखा ताण बसला की तिलाच इजा होते, कोपरातल्या अशा दुखण्याला तर ‘लिटल लीग एल्बो’ असं नावच आहे.

पेनकिलर देऊन मॅच खेळवू नका, बाम चोळून ‘होईल बरं’ म्हणू नका, आणि ॲक्शन सुधारून दुखणं जाईल या भरवशावर तर अजिबात राहू नका. लहान मुलांचं स्पोर्ट्स मेडिसिन किंवा ऑर्थोपेडिक बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. टाकताना ‘टक’ असा आवाज येऊन एकदम दुखलं तर त्याच दिवशी. जाताना पिचची वही आणि फोनमधला व्हिडिओ दोन्ही न्या, किती टाकले आणि कधीपासून दुखतंय हे डॉक्टर विचारतातच. परत कधी टाकायचं ते डॉक्टर सांगतील, प्लेऑफ कधी आहे त्यावरून ठरत नाही. आपली मुलं बरेचदा दुखलेलं सांगत नाहीत कारण बाबा नाराज होतील असं वाटतं, म्हणून गाडीत बसल्यावर स्कोअरच्या आधी हात कसा आहे ते विचारा.

दुखत काहीच नाही पण महिनाभर सगळं करूनही फरक नाही, तर पिचिंग कोचला पैसे द्यायची वेळ आली. असा बघा जो पहिल्या दिवशी पोराचं वय आणि या महिन्यातले पिच विचारतो. पहिल्याच तासात पन्नास पिच जोरात टाकायला लावणारा आणि स्पीड वाढवून देतो म्हणणारा नको.

आणि पोरगं दहा फुटांवरून तुमच्याकडेही नीट टाकू शकत नाहीये, माउंडचं नाव काढलं की पोटात दुखतं, तर तो ॲक्शनचा प्रॉब्लेम राहिलेला नाही. कोचशी बोलून सरळ सेकंड बेसला किंवा आउटफिल्डला खेळू द्या, हा सीझन पिचिंग बंद. पुढच्या वर्षी त्याला वाटलं तर तो स्वतः बॉल मागेल, तेव्हा वरच्या एक नंबरपासून सुरू करा.